बाबा, यापुढे कात्री माझ्याकडे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा नेहमी "सगळे ठीक आहे" म्हणतात आणि आई, तुला त्यांच्यासमोर काही बोलता येत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मंगळवारी गच्चीवर जाऊन तू जे सांगितलेस ते ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. बाबा, तिच्यावर रागावू नका. पोटावरच्या स्टोमाभोवतीची, म्हणजे ऑपरेशनने मळासाठी केलेल्या तोंडाभोवतीची, त्वचा सोलवटून लाल झालेली असताना तुम्ही आठवडाभर ते अंगावर काढलेत, हे तिला पाहवले नाही, एवढेच.

तुम्हाला न विचारता मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे पिशवीच्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीचे भोक तुम्ही कापायचे नाही, आणि दर सोमवारी व गुरुवारी सकाळी, चहा घेण्याआधी, एक अनुभवी ब्रदर घरी येऊन पिशवी बदलून जातील. परक्या माणसासमोर पोट उघडे करणे तुम्हाला किती जड जाते, हे ऑपरेशननंतरच्या त्या पहिल्या रात्री मी पाहिले आहे. तरीही ठरवले, कारण स्टोमा 27 मिलिमीटरचा आहे, भोक त्याहून फार तर दोन-तीन मिलिमीटर मोठे हवे, आणि तुमच्या हातून गेल्या वेळी ते जवळजवळ सेंटिमीटरभर मोठे कापले गेले. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचकरस असतात आणि उघड्या राहिलेल्या त्वचेला ते जाळतात. यात तुमच्या हाताचा काहीही दोष नाही. केमोथेरपीच्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे बोटांच्या टोकांच्या नसा बधिर होतात; कात्री कुठे टेकली आहे हेच बोटांना कळत नसेल, तर कोणाचाही हात चुकेल. आईनेच करावे असेही मला म्हणवत नाही, कारण तिच्या अंगठ्यांचे सांधे कसे आहेत हे तुम्हीच मला आधी सांगितले होते.

कात्री तुमच्या हातातून काढून घ्यावी, हे लिहिताना मला फार जड जात आहे. आपल्या कंदिलाच्या झिरमिळ्या तुम्ही पतंगी कागदाच्या आठ घड्या घालून कापत असायचात आणि मी खळीची वाटी धरून शेजारी बसलेली असायचे. एकही पट्टी कमीजास्त व्हायची नाही. माझ्या हातात पहिल्यांदा कात्री देताना तुम्ही मागून माझी मूठ धरली होती आणि "कात्री नाही, कागद फिरवायचा" असे सांगितले होते. नर्सबाईंनी दिलेल्या कागदी साच्यावरून मी गेले दोन दिवस तशाच वीस चकत्या कापल्या आहेत, प्रत्येकीवर साचा ठेवून तपासल्या आहेत आणि आतली कड बोट फिरवून गुळगुळीत केली आहे. पार्सल शुक्रवारपर्यंत पोहोचेल.

या पिशव्या एकसंध आहेत. दोन भाग दाबून जोडण्याची खटपट नाही. खाली क्लिपऐवजी घडी घालून बंद करायचे वेल्क्रो आहे, त्यामुळे रिकामी करणे तुमचे तुम्हाला जमेल, आणि ते तुम्हीच करावे असे मलाही वाटते. एक तृतीयांश भरली की लगेच रिकामी करा, जड होऊ देऊ नका. वेल्क्रो बोटांनी नव्हे, तळहाताने दाबा. डबा कपाटात ठेवा, गॅसजवळ किंवा उन्हात नको.

आता आई, तुझ्यासाठी. धुण्यासाठी पाणी कोमटच हवे. थंडगार पाण्याचा तांब्या किंवा फ्रिजमधली बाटली त्यांच्या हातात देऊ नकोस, केमोच्या सलाइननंतरचे काही दिवस तर मुळीच नाही. गार स्पर्शाने बोटांत मुंग्या येतात. हातांना लावायचे मलम पिशवी बदलून झाल्यावर लाव, कारण त्याचा तेलकट अंश पोटावर लागला तर चकती चिकटत नाही. पिशवीला हात लावताना हातमोजे घालायचेच. मळ फार पाणीदार झाला, तर नुसते पाणी पाजत राहू नकोस, जलसंजीवनी दे आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन कर. ताप 100.4 झाला तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही.

बाबा, सगळ्यात महत्त्वाचे आता सांगते. गेले दोन आठवडे तुमच्या शर्टाची बटणे आई लावते आहे, आणि डॉक्टरांनी विचारले तेव्हा तुम्ही "किरकोळ मुंग्या येतात" असे म्हणालात. बटण लावता येत नाही, हे त्यांना कळायलाच हवे, कारण औषधाची मात्रा कमी करायची की ते थांबवायचे, हे ते त्यावरूनच ठरवतात. औषध कमी केले तर आजार बळावेल, ही भीती तुमच्या मनात आहे, ठाऊक आहे मला. पण तो हिशेब त्यांना करू द्या. औषध बंद झाल्यावरही बधिरपणा काही महिने वाढू शकतो. पुढे बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो. म्हणूनच आत्ता बोलायला हवे. मी डॉक्टरांना फोन करून सांगू शकले असते. तुमच्या पाठीमागे तसे करायचे नाही म्हणून केले नाही. पण गुरुवारी तुम्ही डॉक्टरांना सांगितले नाहीत, तर आईने सांगायचे आहे.

पुढच्या सलाइनच्या आधीच्या रविवारी मी येते आहे, रजा मंजूर झाली आहे. आई, वाकड्या टोकाची ती छोटी कात्री तुझ्या शिवणाच्या डब्यात ठेव. पुढच्या वीस चकत्या तिथेच बसून कापीन. बाबा, तेव्हा साचा तुम्ही धरा.

तुमची,
मनू