माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: वेदना-पुनर्वसनात आधी तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीचे पैसे मंजूर करा

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, स्वतंत्र जागा आहे. पण अशा रुग्णांना पुन्हा हालचालीकडे आणि कामाकडे नेणाऱ्या वेदना-पुनर्वसन केंद्राचा विषय निघाला की पहिली मागणी येते ती इमारतीची आणि यंत्रांची.

वेदनातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे) आणि मानसशास्त्रज्ञ एका मजल्यावर बसवले म्हणजे ते एकत्र उपचार करू लागतात असे नाही. एक जण एमआरआय दाखवून ‘मणका झिजलाय, वाकू नका’ म्हणतो, दुसरा वाकण्याचाच व्यायाम देतो. रुग्ण घाबरतो आणि जपून राहायला सांगणाऱ्याचे ऐकतो. (मणक्यातले असे बदल काहीच न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.) हालचाल थांबते, स्नायू अशक्त होतात, झोप बिघडते, दुखणे वाढते.

म्हणून तपासणीनंतर सर्वांनी एकत्र बसून एकच उद्दिष्ट ठरवावे लागते, तेही रुग्णाला हवे असलेले. मग आठवडाभर नोंदी. चालणे कधी १० मिनिटे, कधी ४, कधी ७ होत असेल तर सरासरी ७. सुरुवात त्याहून खाली, ५ पासून. बऱ्या दिवशी तेवढेच, वाईट दिवशीही तेवढेच. वाढ अगदी हळू, आठवड्याला फार तर मिनिटभर. बहुतेकांचे इथेच बिनसते: बरे वाटले की साचलेली सगळी कामे उरकायची, मग दोन दिवस अंथरुणात. नुसता व्यायामाचा तक्ता ही सवय मोडत नाही. ‘दुखतेय म्हणजे इजा होतेय’ ही भीती फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून काढावी लागते. अफूवर्गीय (तीव्र वेदनाशामक) गोळ्याही याच काळात टप्प्याटप्प्याने उतरवायच्या. त्या एकदम बंद केल्या तर अंगदुखी, जुलाब, बेचैनी सुरू होते आणि मूळ दुखणेच उलटले असे रुग्णाला वाटते.

दर प्रक्रियेमागे पैसे देण्याची पद्धत या सगळ्याच्या आड येते. इंजेक्शनचे बिल निघते, चौघांच्या बैठकीचे निघत नाही; मग इंजेक्शनेच वाढतात. संपूर्ण कार्यक्रमाला एकच दर ठरवा. त्यात आठ-दहा रुग्णांचा गट, तज्ज्ञांची दर आठवड्याची बैठक आणि ३, ६ व १२ महिन्यांनंतरची फेरतपासणी धरा. यश केवळ ० ते १० च्या वेदनेच्या आकड्यावर जोखू नका. माणूस कामावर परतला तरी तो आकडा पुष्कळदा फारसा हलत नाही. चालणे, झोप, काम आणि औषधांचे प्रमाण नोंदवा. आणि ज्यांचे साध्या व्यायामाने भागते, त्यांना इथे पाठवू नका. खरी गरज असलेल्यांची जागा अडते.

आपले,
वेदना-पुनर्वसनात काम करणारे डॉक्टर, थेरपिस्ट व मानसशास्त्रज्ञ