मारुती, पीसीसीला घाबरून नोकरी सोडू नकोस

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मारुती,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. न्यूझीलंडच्या कंपनीनं तुला वेल्डर म्हणून घेतलं याचा फार आनंद झाला. पण 'पीसीसी मागितलंय, जाऊ दे, नकोच ते' हे वाचून झोप उडाली. पीसीसी म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाच ना! एवढी वर्षं चाकणला राबलास, परीक्षा दिल्यास, आणि आता एका दाखल्यापायी मागे फिरणार?

काळ्या दिनाच्या फेरीतली केस तुझ्या डोक्यात आहे, ठाऊक आहे मला. आरोपपत्रात तुझ्या खालचंच नाव माझं होतं. 143, 147, 149 ही बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमं आपल्याला रोल नंबरासारखी पाठ झाली होती. 1956 साली आपला भाग म्हैसूर राज्यात घातला त्याचा निषेध म्हणून दर 1 नोव्हेंबरला लोक रस्त्यावर येतात, त्यांच्यात आपणही होतो. त्याची मला आजही लाज नाही, तूही बाळगू नकोस. कोर्टानं आपल्याला निर्दोष सोडलंय.

अडचण पुढं येते. निकाल कोर्टात लागतो, पण तो पोलिस ठाण्याच्या रेकॉर्डला चढतोच असं नाही. दुबईला जाताना माझं हेच झालं. पासपोर्ट ऑफिसकडून चौकशी आली, ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर केस 'पेंडिंग' दिसली आणि रिपोर्ट उलटा गेला. सुटून वर्षं झाली होती रे! तोंडानं कितीही सांगितलं तरी समोरचा माणूस स्क्रीनच दाखवायचा. शेवटी निकालाची सर्टिफाइड नक्कल काढली, साध्या अर्जाला जोडून ठाण्यात दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली आणि तीच कागदपत्रं पासपोर्ट ऑफिसलाही पाठवली. मग दाखला मिळाला.

म्हणून तू ऑनलाइन अर्ज भरायच्या आधीच नक्कल काढ. ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव आणि वर्ष घालून केस शोध. तिथं सीसी नंबर, म्हणजे खटल्याचा नंबर, आणि निकालाची तारीख मिळेल. तो नंबर घेऊन बेळगाव कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. हातात आल्यावर नीट बघ: पानापानावर गोल शिक्का हवा, आणि शेवटी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली या तारखा आणि सही हवी. नुसती झेरॉक्स कुणी धरत नाही. आपले वकीलही काढून देतील, पण तुझ्या नावाची ओळ तू स्वतः वाच. निकाल कानडीत आहे. फोटो पाठव, मी वाचून सांगतो.

नावाचंही बघून ठेव. तुझ्या मतदार कार्डावर कानडीवरून इंग्रजी करताना 'टी'च्या पुढं 'एच' घातलाय, पासपोर्टवर तो नाही. आरोपपत्रात कुठलं स्पेलिंग पडलंय कोण जाणे. पत्त्याच्या पुराव्याला आधारच दे, ते पासपोर्टशी जुळतं. जुन्या कागदांवर 'बेळगाम' आणि नव्यावर 'बेळगावी' असेल तर त्याची काळजी करू नकोस. 2014 ला सरकारनंच नाव बदललंय.

बाकीचं सोपं आहे. पासपोर्ट सेवाच्या सरकारी साइटवर अर्ज, फी 500 रुपये, मग अपॉइंटमेंट. हुबळीलाच जायला हवं असं नाही, बेळगावच्या पोस्टातल्या सेवा केंद्रातही होतं. 2022 पासून पोस्टातल्या केंद्रांत पीसीसीचे अर्ज घेतात. साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन नं संपतो का बघ. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट्स आहेत, आणि 'पोलिसाकडचं मी बघतो' म्हणणारे एजंटही. त्यांना एक रुपया देऊ नकोस. देश न्यूझीलंडच निवड, कारण दाखला ठरावीक देशासाठीच निघतो. तिकडे अर्ज करताना तो सहा महिन्यांच्या आतला लागतो, म्हणून फार आधीही काढून ठेवू नकोस.

पत्ता खरा लिही. चाकणच्या खोलीतच राहत असशील तर तोच टाक, चौकशी तिकडचे पोलिस करतील. कायमचा पत्ता म्हणून गाव दाखवलंस तर इकडेही विचारणा येऊ शकते. नोकरी सोडून गावी आला असशील तर गावचा टाक. इथले पोलिस घरी येतील किंवा ठाण्यात बोलावतील, शेजारचे दोघे आधार कार्डासह लागतील. जबाब कानडीत लिहितात. सही करण्याआधी वाचून दाखवा म्हण, त्यात कमीपणा नाही.

एका गोष्टीत माझं ऐकच. केसबद्दल विचारलं तर लपवू नकोस. अर्जात खोटं लिहिणं हा पासपोर्ट कायद्यानं गुन्हा आहे, आणि जी केस तू जिंकलास ती लपवून तूच संशय ओढवून घेशील. 'केस होती, निर्दोष सुटलो, ही नक्कल' एवढं पुरे. आपल्यातल्या ज्या पोरांचे खटले अजून चालू आहेत त्यांचा जीव तुटताना मी बघतोय. त्यांनाही वाट आहे: 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. पण तारखा, वकील, परवानगीची मुदत, सगळं मागे लागतं. तुझ्यामागे यातलं काहीच नाही रे, मग हातातलं का सोडतोस?

आईंना परवा बाजारात भेटलो. त्यांना अजून काही बोललेलो नाही, तूच फोन कर. कोर्टात जायचा दिवस कळव, मी सुट्टी काढतो; नक्कल विभागापर्यंत बरोबर येईन, आणि माझ्या निकालाची प्रतही आणतो. केस नंबर एकच आहे, शोधायला सोपं जाईल. येताना मूळ पासपोर्ट आण.

तुझा,
परशा