‘सुदैवाने प्रवासी नव्हते’ असं छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोटं मालवाहू विमान उड्डाण घेताना कोसळलं की वर्तमानपत्रात आतल्या पानावर दहा-बारा ओळींची बातमी येते आणि तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सुदैवाने विमानात प्रवासी नव्हते.’ हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात तुटतं. मी २६ वर्षं विमानतळाच्या मालविभागात काढली, त्यातली शेवटची ११ वर्षं लोडशीट, म्हणजे विमानात किती वजन कुठे ठेवलं याचा कागद, भरण्यात गेली. त्या विमानांच्या पुढच्या खुर्च्यांवर बसणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. काही विमानांत तर एकच माणूस असतो. सेसना कॅरावॅनसारखं एका इंजिनाचं विमान रात्री-अपरात्री माल घेऊन जातं, तेव्हा ते बहुधा एकटा वैमानिकच उडवत असतो.

आणि विमान कोसळतं ते कुठेतरी कोसळतं. ८ जानेवारी १९९६ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासामध्ये अँटोनोव्ह-३२ जातीचं मालवाहू विमान, क्षमतेपेक्षा जास्त भरलेलं, धावपट्टी संपली तरी उचललं नाही आणि पुढच्या भरगच्च बाजारात घुसलं. शेकडो माणसं गेली. त्या विमानातही प्रवासी नव्हते!

माझं म्हणणं आहे ते वजनाबद्दल. उड्डाणाच्या क्षणी त्या फेरीचं सगळं इंधन टाक्यांत असतं, म्हणजे त्या फेरीतलं विमान सर्वांत जड तेव्हाच असतं. किती धावपट्टी लागेल, कोणत्या वेगाला नाक उचलायचं, कोणत्या वेगापर्यंत थांबता येईल, हे सगळं लोडशीटवरच्या आकड्यावरून ठरतं. आकडा खोटा असेल तर वैमानिकाचं कौशल्य कितीही मोठं असो, त्याचं गणित आधीच चुकलेलं असतं. एकूण वजन बरोबर असूनही ते ठेवलं कुठे आहे, हा प्रश्न उरतोच. माल फार मागे गेला तर गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, मागे सरकतो, नाक उचलायला सुरुवात केली की ते आवरेनासं होतं, वेग मरतो आणि पंख हवा सोडतात. जमीन इतकी जवळ असते की सावरायला उंचीच नसते.

आम्ही हे कागदाआधी डोळ्यांनी पाहायचो. मागच्या दारातून माल चढत असला की माझी नजर नाकाच्या चाकावर असायची. तिथल्या दट्ट्याचा चकचकीत भाग हळूहळू जास्त दिसू लागला, म्हणजे विमान शेपटीवर बसू लागलं आहे. म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. एकदा सहा खोकी आली, चिठ्ठीवर ४८० किलो. टेकू लावलेला असूनही मला तो आकडा पटेना. काट्यावर घातली तर ६१० भरली. पाठवणाऱ्याचा माणूस म्हणाला, ‘साहेब, एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय, उशीर होतोय.’ कॅप्टन खाली उतरले होते. त्यांनी जाळीचा पट्टा मुठीनं ओढून पाहिला आणि मला एवढंच विचारलं, ‘वजन कुणी केलं?’ मी ‘मीच’ म्हटल्यावर ते वर गेले. दोन खोकी मागे राहिली. त्या रात्री मी काटा केला नसता तर कदाचित काहीच झालं नसतं, विमान उडालंही असतं. पण चिठ्ठीवर विश्वास ठेवायची सवय अशाच सुखरूप रात्रींत लागते.

मायामीत ७ ऑगस्ट १९९७ ला काय झालं, ते आमच्या खात्यात प्रत्येकाला माहीत असायला हवं. उड्डाण घेताच कोसळलेलं ते मालवाहू विमान डीसी-८ जातीचं होतं, छोटं नव्हे, पण गणित तेच. आयत्या वेळी विमान बदललं, माल ठरवल्याप्रमाणे भरला गेला नाही आणि पॅलेट, म्हणजे माल बांधलेल्या सपाट फळ्या, जागेवर धरून ठेवणाऱ्या जमिनीतल्या कड्या लावलेल्या नव्हत्या. ही कडी बुटाच्या टाचेनंसुद्धा लावता येते, दोन सेकंदांचं काम. विमानातले चार आणि खाली रस्त्यावरच्या गाडीतला एक, असे पाच जण गेले.

दोष नेहमी मालाचाच असतो, असं मी म्हणत नाही. २ जुलै २०१४ च्या पहाटे नैरोबीहून मोगादिशूला निघालेलं फोकर-५० जातीचं मालवाहू विमान धावपट्टीवर धावत असतानाच धोक्याची घंटी वाजू लागली होती. तरी उड्डाण सुरू ठेवलं गेलं, विमान कोसळलं आणि चौघे गेले. मालाला वेळ पाळायची असते, नाशवंत असेल तर जास्तच. त्या घाईचं ओझं कुठल्याही काट्यावर दिसत नाही, पण ते वैमानिकाच्या मानेवर असतं.

म्हणून विनंती अशी. पुढच्या वेळी तुमच्या बातमीदाराने साक्षीदाराच्या ‘मोठा आवाज झाला’वर न थांबता विचारावं: माल काय होता, किती होता, वजन प्रत्यक्ष झालं होतं की चिठ्ठीवरून धरलं होतं, लोडशीटवर सही कुणाची आहे. छोट्या विमानांत हे जास्तच महत्त्वाचं, कारण ब्लॅक बॉक्सचे पूर्ण नियम साधारण ५,७०० किलोंपेक्षा जड विमानांना लागू असतात. कॅरावॅनसारख्या विमानात तो बहुधा नसतोच, मागे उरतो तो कागद.

आणि तपास अहवाल आला की तोही छापा. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम शक्यतो १२ महिन्यांत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तोवर बातमी शिळी झालेली असते, हे मला कळतं. पण ज्या घरातून वैमानिक त्या रात्री बाहेर पडला, त्या घरात ती शिळी झालेली नसते. लोडशीट भरणाऱ्या नव्या पोरांनीही तो अहवाल वाचायला हवा, आणि त्यांच्या हातात पडतो तो पेपरच.

आपला,
मालविभागातील एक निवृत्त कर्मचारी