काळ्या फुलपाखरावर मरणाचा शिक्का कशाला?

मा. संपादक महोदय,

रविवारच्या एका पुरवणीत स्वप्नफलाचे सदर येते. त्यात परवा फुलपाखरांचा रंगवार हिशेब होता: पिवळे दिसले तर धनलाभ, पांढरे दिसले तर मंगलकार्य, काळे दिसले तर घरात मृत्यू. धनलाभाने कोणाचे काही बिघडत नाही. मृत्यूबद्दल मात्र लिहायलाच हवे.

आमच्या सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या. हे सदर वाचल्यावर त्यांना पहाटे स्वप्नात तुळशीवृंदावनावर काळे पिसोळे, म्हणजे फुलपाखरू, दिसले आणि त्यांनी हायच खाल्ली. पेजसुद्धा नको म्हणू लागल्या, मुंबईच्या लेकाला बोलावून घ्या म्हणून मागे लागल्या. मी जवळ बसून विचारले, पिसोळे होते कसे? म्हणाल्या, काळेभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. आमच्या परसातल्या कढीपत्त्यावरची जात ती! त्याची अळी लहान असते तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेले लाल शिंग काढते आणि उग्र वास सोडते. गणेश चवथीनंतर एका सकाळी आम्ही दोघींनी तिथला कोश फुटताना पाहिला होता. बाहेर आले तेव्हा पंख चुरगळलेले, ओले. डहाळीला लटकून राहिले, पंख हळूहळू भरत गेले. सासूबाई तांदूळ निवडायचे सोडून बघत बसल्या होत्या.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित (मनात इच्छिलेले), कल्पित, भाविक (पुढचे सुचवणारे) आणि दोषज (शरीरातल्या दोषांमुळे पडणारे). त्यांतले पहिले पाच निष्फळ, असे तिथेच सांगितले आहे. सासूबाईंचे पिसोळे डोळ्यांनी पाहिलेले होते आणि भीती वाचलेली. शास्त्राचा आधार घ्यायचा तर तो पुरता घ्यावा.

मेक्सिकोतल्या मिचोआकान भागात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, काळी-केशरी मोनार्क फुलपाखरे थव्यांनी येतात. तिथले लोक त्यांना घरी परतलेले पूर्वज मानतात, त्यांची वाट पाहतात. चीनमधल्या चुआंग त्झू या तत्त्वज्ञाला स्वप्नात आपणच फुलपाखरू झाल्यासारखे वाटले. जाग आल्यावर त्याला प्रश्न पडला, की मी फुलपाखराचे स्वप्न पाहिले, की आता फुलपाखरूच माझे स्वप्न पाहत आहे? मरणाची धास्ती यांतल्या कोणालाही वाटली नाही.

फुलपाखराच्या स्वप्नाला अर्थ नसतोच, असे मी मुळीच म्हणत नाही. तो ज्याचे स्वप्न त्याच्याच आयुष्यात शोधावा लागतो. कढीपत्त्याची आठवण करून दिल्यावर सासूबाई बऱ्याच वेळाने आपणहून बोलल्या, ‘त्याचे पंख सुकले नव्हते गो, उडायला बघत होते.’ गुडघ्यांमुळे गेल्या पावसाळ्यापासून त्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, उतरलेल्या नाहीत. रंगांच्या कोष्टकात हे कुठे सापडणार?

आपण असे सदर चालवणार असाल, तर मरण आणि आजारपणाची भाकिते त्यातून कृपया वगळावीत. वाचकालाच विचारावे: एवढ्यात काय पाहिलेत, काय वाचलेत, जाग आली तेव्हा कसे वाटले? ही सदरे वाचणाऱ्यांत वयस्क माणसे पुष्कळ असतात आणि दिवसभर घरात त्यांची समजूत घालायला बहुधा कोणी नसते.

— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा