बंदुकीचा दस्ता माझ्या खांद्याला बसवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

समोरासमोर आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून हे उघड पत्र. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांत वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या मागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सांभाळणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या घरात बंदूकही आहे. तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत ते त्यांच्या कानावर जावं, अशी माझी फार इच्छा आहे.

बाबांच्या पश्चात वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि त्यांची बारा बोअरची डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्र्याची बंदूक, माझ्या हातात आली. बाबा सहा फुटांना टेकलेले, मी जेमतेम पाच फूट. बार काढला की दंड काळानिळा व्हायचा, गालफडावर ठोसा बसायचा आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालायलाही हात वर जात नसे. ज्याला विचारावं तो म्हणे, "सवय होईल." एका दुकानात दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, मागे जाड रबरी पॅड ठोकून दिला. मुळातच लांब असलेला दस्ता त्याने इंचभर आणखी लांब झाला आणि मार वाढला. बंदूक विकून टाक, असं घरचेही म्हणू लागले होते. पण काजूचे बोंडू गळायला लागले की डुकरांचे कळप उतरतात, एका रात्रीत केळीचे कांदे उकरून टाकतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही, आणि मला मारायचंही नसतं. पण बांधावरून एक बार निघाला की कळप उठतो. तो बार मला माझ्या हाताने काढता यायला हवा होता.

"सवय होईल" हे शब्द तुमच्या तोंडून आले नाहीत, काका. आधी दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या असल्याची खात्री केलीत, ती मलाही डोळ्यांनी पाहायला लावलीत, आणि मग बंदूक माझ्या हातात देऊन म्हणालात, "लाव खांद्याला, बघू." आणि बराच वेळ नुसते बघत राहिलात. मान किती पुढे ताणते, कोपर कुठे जातं, दस्त्याचं बूड खांदा आणि छातीमधल्या खोबणीत बसतं की दंडावर घसरतं. ब्लाउज शिवताना माप घेतात तसं बंदुकीचंही माप घ्यायचं असतं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

ते माप कसं घेतात हेही तुम्ही शिकवलंत. दोन चापांपैकी पुढच्या चापापासून दस्त्याच्या बुडाच्या मध्यापर्यंतचं अंतर. बाबांच्या बंदुकीत ते साडेचौदा इंच होतं, वर तो पॅड. दस्ता कोपराच्या खाचेत धरून बोट चापापर्यंत पोचतं का, ही सगळीकडे चालणारी परीक्षा तुम्ही बाजूला सारलीत. बंदूक खांद्याला लावल्यावर उजव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, हे पाहा म्हणालात. जागा कमी असली तर धक्क्याने अंगठा नाकावर येतो, जास्त असली तर मान ताणावी लागते आणि गाल लाकडावरून सुटतो. सुटलेल्या गालावरच मागे येणारं लाकूड आदळतं. माझ्या गालफडावरच्या ठोशाचं कारण मला तिथे कळलं.

लाकूड एकदम कापलं नाहीत. पॅड काढलात, थोडं कापलंत, पुन्हा खांद्याला लावून पाहिलंत, मग आणखी थोडं. शेवटी नवा पॅड धरून माप तेरा इंचांवर आणलंत. पॅडची जाडी मापातच धरायची असते, हे त्या दुकानदाराला कोणीतरी सांगायला हवं. कापलेला अक्रोडाचा तुकडा तुम्ही टाकून दिला नाहीत, कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलात. बाबांच्या हातची बंदूक आहे, एवढंच बोललात. काका, त्याबद्दलचे आभार कसे मानावे ते मला अजून सुचत नाही.

मला वाटलं काम झालं. तुम्ही मात्र भिंतीवर खडूचा ठिपका काढून मला डोळे मिटायला लावलंत. डोळे मिटून बंदूक खांद्याला, मग डोळे उघड. नळीच्या टोकावरचा मणी ठिपक्यावर दिसत होता, पण डोळा नळ्यांवरच्या पट्टीच्या फार वर तरंगत होता. दस्त्याची वरची कड मागे उतरत जाते. दस्ता आखूड झाला की गाल पुढे सरकतो आणि पुढे तीच कड उंच असते. डोळा वर राहिला की छर्रेही वरून जातात. म्हणून तुम्ही कानशीने ती कड जराशी उतरवलीत, गाल टेकवून पाहिलात, पुन्हा जराशी उतरवलीत. माझा चेहरा अरुंद, त्यामुळे दस्ता बाजूला वळवायची गरज नाही, असंही सांगितलंत. लागली असती तर जवसाच्या गरम तेलाने लाकूड मऊ करून वाकवता येतं, हे ऐकून मी थक्कच झाले.

आणि बुडाचा कोन! बायकांना दस्त्याचं खालचं टोक छातीत रुततं, हे कोणा पुरुषाने स्वतःहून विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला संकोच वाटू नये म्हणून तुम्ही काकूंना आतून बोलावलंत आणि टोक नेमकं कुठे टोचतं ते त्यांच्याकरवी विचारून घेतलंत. मग खालच्या बाजूने लाकूड किंचित जास्त उतरवून कोन बदललात, टोकाचा कोपरा गोल केलात. सगळं बूड अंगाला टेकलं की धक्का सगळ्या जागेवर पसरतो, एका टोकावर आला की जखम होते. एवढं साधं कारण, पण ते माझ्या अंगाला विचारून तुम्ही शोधलंत.

घरातल्या एकाने नळ्याही थोड्या कापून हलकी करून द्या, असा निरोप माझ्याबरोबर धाडला होता. तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत की नळीला हात लागणार नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे, आणि बंदूक हलकी झाली की धक्का उलट वाढतो. बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो, सुताराकडे नेऊ नकोस, हेही बजावलंत. आमच्याकडे गावातला मेस्त सगळंच करतो, त्यामुळे हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

पॅड बसवण्याआधी कापलेल्या लाकडाच्या तोंडाला तुम्ही तेल पाजलंत, ते मुरू दिलंत, पुन्हा पाजलंत. सत्तरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लाकूड ओल पिऊन फुगतं आणि पॅडच्या कडेला फट पडते, म्हणालात. पावसाळा सरला, फट नाही.

आता काजूचा हंगाम चालू आहे. परवा मध्यरात्री डुकरं म्हादई नदीकडून वर आली. मी मातीच्या दरडीकडे तोंड करून बार काढला, पॅड खोबणीत होता तसाच राहिला, आणि लगेच दुसरी नळीही रिकामी केली. पूर्वी दुसरा बार काढायची माझी छातीच होत नसे. सकाळी उठून नेहमीसारखी विहिरीवर पाणी ओढायला गेले.

एक विनंती आहे. आमच्या वाड्यावरची एक शेजारीण तिच्या सासऱ्यांची बंदूक घेऊन तुमच्याकडे येईल. तिचाही खांदा सुजलेला असतो आणि तिलाही सगळे "सवय होईल" म्हणतात. ती डावखुरी आहे आणि दस्ता उजवीकडे वळवलेला आहे, तेव्हा तिचं काम माझ्याहून अवघड असेल. बंदूक रिकामी, खोळीत घालून आणि परवाना बरोबर ठेवून आणायला मी तिला सांगितलं आहे. तिच्या हाती काकूंसाठी केळ्यांचा घड पाठवते आहे, तो नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
सत्तरीतील एक बागायतदार