पेटीला एवढ्यात हात लावू देऊ नका

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, भजनाच्या पेटीचे सूर उतरले आहेत, भाता हवा धरत नाही आणि ती लातूरला नेऊन सगळे सूर नवे बसवून घ्यायचे आहेत, असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात. माझी कळकळीची विनंती आहे की, मी येईपर्यंत तिला कोणाचाही हात लागू देऊ नका. त्यामागचे कारण फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

गेले तीन आठवडे मी उत्तर जर्मनीतील एका खेड्यात, तिथल्या चर्चच्या पाइप ऑर्गनचे ध्वनिमुद्रण करीत आहे. तुमच्या पेटीत पितळी पाती कंप पावते. ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत मात्र हलणारे काहीच नसते, पाव्यासारखी हवेची धार कडेवर आपटते आणि नळीतली हवाच बोलू लागते. आठ फुटांच्या उघड्या नळीचा खर्ज सेकंदाला सुमारे 65 कंपनांचा असतो आणि तो कानांपेक्षा बाकाच्या लाकडातून आधी जाणवतो. या वाद्याला वीस स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्यांचे वीस संच आहेत. प्रत्येक स्टॉपची प्रत्येक पट्टी आम्ही एकेकटी वाजवून घेतो. पुढे हाउप्टवर्क किंवा ग्रँडऑर्गसारख्या सॉफ्टवेअरमधून, घरातल्या साध्या कीबोर्डवर, तोच ऑर्गन कोणालाही वाजवता येतो.

सर्वांत कठीण असते ती सुराची अखेर. तुम्हाला वेरूळचे 10 क्रमांकाचे लेणे आठवत असेल. मी सहावीत होते, बाबांनी तिथे ‘विठ्ठल’ म्हणून हाक दिली होती, आणि बाबांचे ओठ मिटल्यानंतरही ती हाक दगडी कमानींतून फिरत राहिली होती. चर्चमध्येही पट्टी सोडल्यावर सूर चार-पाच सेकंद छताखाली रेंगाळतो, आणि पट्टी क्षणभर दाबली होती की बराच वेळ, यावर ते रेंगाळणे कसे असेल हे ठरते. म्हणून प्रत्येक सूर तीनदा घ्यावा लागतो: तुटक, मध्यम आणि लांब. पहिल्या रात्री मी मुद्रण जरा लवकर थांबवले. सकाळी ऐकले तेव्हा प्रत्येक सुराचे शेपूट कापले गेले होते आणि इतके सुंदर वाद्य अगदी खेळण्यासारखे वाजत होते. ती सगळी रात्र पुन्हा करावी लागली.

काम रात्रीच चालते, पायांत लोकरीचे मोजे घालून, श्वाससुद्धा जपून घेत, कारण थंडीने आक्रसणाऱ्या बाकाचा एक ‘कट्’ आवाजही सूर वाया घालवतो. हीटर लावत नाही. हवा तापली की साध्या नळ्यांचा सूर चढतो, पण पितळी जिभेच्या नळ्यांचा तितका चढत नाही, आणि दोघींचे जुळेनासे होते.

वाद्य आहे तोवरच त्याचा आवाज घेता येतो, हे इथे पदोपदी जाणवते. 1917 साली युद्धासाठी जर्मनीतल्या कितीतरी ऑर्गनांच्या दर्शनी कथली नळ्या काढून नेल्या गेल्या. फ्रान्समधील नांतच्या कॅथेड्रलचा मोठा ऑर्गन 18 जुलै 2020 च्या आगीत जळाला. आपल्या पेटीला आग लागणार नाही, पण नवे सूर बसले की आजोबांच्या हाताखालची पेटी संपलीच. तिचा तो किंचित घोगरा खर्ज, भात्याचा सुस्कारा, अडकणारी कोमल निषादाची पट्टी, हे मला जसेच्या तसे हवे आहे.

दिवाळीत फटाके असतात, म्हणून मी मार्गशीर्षात येते. साडेतीन सप्तकांच्या 42 पट्ट्या, खर्ज आणि नर हे सुरांचे दोन्ही संच वेगवेगळे, प्रत्येकी तीनदा. दोन-तीन रात्री पुरतील. मुद्रण मारुतीच्या देवळातल्या सभामंडपातच करायचे आहे, कारण ती पेटी तिथेच वाजत आली आहे. बाबा, किल्लीसाठी पुजारीकाकांच्या कानावर घालून ठेवाल का? भाता तुम्हीच हलवायचा, तुमच्या हाताचा दाब तिला ठाऊक आहे. त्यानंतर पेटी खुशाल लातूरला न्या. खर्च मी देईन.

आई, त्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर जातात. तू चारला उठतेस, तेव्हा रस्ता किती वाजता शांत असतो, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेव.

तुमची लेक