गौरी आल्या त्या सकाळी रेवा शाळेत गेली

ऑग्सबुर्ग,
शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

ती. आई आणि ती. अण्णा यांना शि. सा. नमस्कार.

मंगळवारी फोनवर धड बोलणं झालंच नाही. तिकडे तुझी गौरींची गडबड आणि इकडे आमची शाळेची. शिवाय अण्णांना फोनवर अर्धंमुर्धं ऐकू येतं आणि ते नुसतं "बरं, बरं" म्हणत राहतात, हे मला इथे बसून कळतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. वहिनीला सांगून मोठ्या अक्षरात छापून घे आणि अण्णांना चष्मा लावून निवांत वाचू दे.

जर्मनीच्या या भागात, बव्हेरियात, शाळा उघडतात त्या थेट सप्टेंबरच्या मध्यावर. आपल्याकडे मृगाचा पाऊस आणि नवं दप्तर एकदमच येतं, इथे उन्हाळा सरल्यावर मुलं वर्गात बसतात. यंदा १० तारीख होती, मंगळवार. कालनिर्णय पाहिलं तर नेमकं गौरी आवाहन. अंजली म्हणाली, याहून चांगला मुहूर्त कोण काढून देणार? रेवा पहिलीत, अर्णव तिसरीत, दोघांचा एकच दिवस.

पण अंजलीची सोमवारी रात्रपाळी लागली. तिनं बदली मागून पाहिली, वॉर्डातल्या दोघी आजारी, त्यामुळे मिळाली नाही. ती म्हणाली, "मी पाळी सुटली की थेट शाळेत पोचते, तू घरचं बघ." म्हणजे सकाळ सगळी माझ्यावर. अर्णवची शाळा आठला, रेवाचा कार्यक्रम नऊला.

सामानाचं तेवढं आधीच झालं होतं. जुलैतच शाळेकडून यादी येते आणि ती शब्दशः पाळायची असते. भाषेच्या वहीला लाल कव्हर, गणिताच्या वहीला निळं, ओळी कुठल्या आकाराच्या तेही ठरलेलं. प्रत्येक पेन्सिलीवर, प्रत्येक रंगीत खडूवर, गोंदाच्या बाटलीवर आणि तिच्या झाकणावरसुद्धा मुलाचं नाव हवं. अंजली आणि मी रात्री जेवणं आटोपून बारीक चिठ्ठ्या चिकटवत बसायचो. सुरुवातीला मला हा जाच वाटला. मग लक्षात आलं की सहा वर्षांच्या मुलाला आपली वस्तू आपण ओळखता आली की त्याला वर्गात कुणाचं तोंड बघावं लागत नाही. आता मला ती यादी पटते.

पहाटे साडेपाचला कणीक मळायला घेतली. अर्णवला पोळीत शेंगाचटणी आणि तूप लावून गुंडाळी लागते, दुसरं काही नको. पण रेवाच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तसं पालकांना आधीच कळवलं होतं. आपल्या घरात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही, हे तुला सांगायला नको! तरी त्या पोराच्या जिवाचा प्रश्न. म्हणून आधी पोळपाट, लाटणं, सुरी सगळं घासून घेतलं, तिची तूप-गुळाची पोळी, काकडी आणि सफरचंद भरून डबा बाजूला ठेवला, आणि मगच चटणीची बरणी उघडली. अर्णवला बजावलं, खाऊन झालं की साबणानं हात धुवायचे, बहिणीच्या वर्गाकडे तसंच जायचं नाही. त्यानं ते मनावर घेतलंय.

पावणेसातला रेवाच्या वेण्या. तिला हव्या होत्या त्या आपल्या भिंतीवरच्या फोटोत ताईच्या आहेत तशाच, वर दुमडून लाल रिबीन बांधलेल्या. तू सांगितलं होतंस तसे केस ओले करून घेतले, कंगव्याच्या टोकानं मधोमध भांग पाडला. तीन पेड घ्यायचे, अर्ध्यावर आल्यावर रिबीन दुमडून दोन पेडांत आत घालायची आणि शेवटपर्यंत गुंफत न्यायची. मग वेणी उचलून मुळाशी टेकवायची आणि तिथे फूल बांधायचं. उजवी चांगली बसली. डावी सैल, म्हणून सोडून पुन्हा घातली. रेवा अजिबात हलली नाही. एरवी मोजा घालायला घरभर पळवते ती पोर, पण त्या दिवशी मान ताठ करून आरशात बघत बसली होती.

आणि मग अर्णवच्या चपला. इथे शाळेत बूट दाराशी काढायचे आणि आत घरातल्या मऊ चपला घालायच्या असा नियम आहे. त्याचा पाय सुट्टीत एवढा वाढला की जुन्या चपला पायात येईनात. सव्वासात वाजलेले, दुकानं बंद. तो रडकुंडीला आला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी शुभेच्छा द्यायला खाली आल्या होत्या, त्यांनी ऐकलं, न बोलता वर गेल्या आणि नातवाच्या ठेवलेल्या चपला घेऊन आल्या. किंचित मोठ्या होत्या, पण चालल्या.

अण्णा, या आजींबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगतो. त्या इथल्या लोकरी सुताच्या गिरणीत होत्या. ऑग्सबुर्गही आपल्या सोलापूरसारखंच गिरण्यांचं गाव. इथल्याही गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या सूतगिरणीच्या आवारात आता कापडाचं संग्रहालय आहे, २०१० पासून, आणि तिथे कापड विणायचे जुने साचे नुसते मांडून ठेवलेले नाहीत, चालवून दाखवतात, त्यांवर कापड निघतं. मी आत शिरलो तेव्हा त्या खडखडाटानं तुमची डबा घेऊन जायची वेळ आठवली. तुम्ही आलात की आधी तिथे नेणार. आजींना मी तुमच्या साचेखात्याचं सांगितलंय. त्यांना तुम्हाला भेटायचंय. भाषेची अडचण मला वाटत नाही, धागा तुटला की हात कसा चालतो हे दोघं एकमेकांना दाखवालच.

सात पंचवीसला तुझा फोन आला, तिकडे अकराला पाच कमी असतील. वहिनीनं उंबऱ्यापासून काढत आणलेली कुंकवाची पावलं दाखवली. तू एवढंच विचारलंस, "दहीसाखर दिलीस का?" आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेलीस. दिली होती गं, दोघांना. अर्णव तसाच ओठ पुसत पळाला, कोपऱ्यावर त्याचे मित्र थांबले होते.

आता त्या शंकूचं सांगतो, फोटोत बघून तू विचारलं होतंस. पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला इथे पुठ्ठ्याचा मोठा शंकू देतात, जवळजवळ त्याच्या कमरेएवढा, आत खाऊ आणि शाळेच्या वस्तू. सॅक्सनी आणि थुरिंजिया या भागांत ही चाल दोनशे वर्षांपूर्वी पडली आणि मग देशभर गेली. मुलांना सांगायचे की मास्तरांच्या घरी एक झाड आहे, त्याला हे शंकू लागतात, ते मोठे झाले की तुझी शाळेची वेळ झाली. बाजारात तयार मिळतात, पण पुष्कळ घरी करतात. अंजलीनं रेवाचा शंकू खणाच्या कापडानं मढवला. तू नवी पेठेतून परकरासाठी पाठवलेल्या खणातला उरलेला तुकडा, हिरवा, वर तोंडाशी लाल काठ येईल असा बेतून शिवला. आत खडू, छोटी विजेरी, गोष्टीचं पुस्तक, चॉकलेटं आणि तू पाठवलेले राजगिऱ्याचे लाडू. बाकीच्यांच्या शंकूंवर घोडे, डायनासोर, अग्निबाण होते. दोन आयांनी रेवाच्या शंकूचं कापड बोटांत धरून बघितलं आणि कुठलं म्हणून विचारलं. रेवानंच उत्तर दिलं, "माझ्या आजीनं सोलापूरहून पाठवलं."

साडेआठला आजी, रेवा आणि मी निघालो. अंजलीचा पत्ता नव्हता. तिची ट्राम मध्येच अडकली होती. शाळेच्या सभागृहात घरटी पाच-सहा माणसं, आजी-आजोबा, काका-मावश्या, जणू मुंजच. आमच्याकडून मी आणि वरच्या आजी. वरच्या वर्गांनी स्वागताचं गाणं म्हटलं, त्यात अर्णव दुसऱ्या ओळीत उभा होता. मग मुख्याध्यापिका एकेक नाव पुकारू लागल्या. नाव आलं की मुलानं दप्तर पाठीला, शंकू हातात, असं उठून बाईंजवळ जाऊन उभं राहायचं. रेवाच्या आधी तीनच नावं उरली असताना दार हळूच उघडलं आणि अंजली आत आली. कोटाच्या आत दवाखान्याचाच पोशाख, डोळे रात्रभराचे लाल. रेवानं मान वळवून तिला पाहिलं आणि उठून ताठ चालत पुढे गेली.

अण्णा, मला तेव्हा १९९२चा जून आठवला. मला पहिलीत घातलं त्या सकाळी तुम्ही रात्रपाळी करून परस्पर शाळेच्या दारात आला होतात. केसांत, भुवयांवर कापूस. आई घरून मला घेऊन आली होती आणि मी तिचा पदर सोडत नव्हतो. तुम्ही सायकल भिंतीला लावलीत, काही बोलला नाहीत, माझं बोट धरून वर्गापर्यंत नेलंत आणि खिडकीबाहेर उभे राहिलात. तुम्ही रात्रभर उभ्यानं काम करून आला होतात हे कळायचं माझं वय नव्हतं. मंगळवारी अंजलीकडे बघताना ते कळलं, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आता सांगतो.

पहिल्या दिवशी वर्ग तास-दीड तासाचाच. बाहेर अंगणात पालक मंडळानं कॉफी आणि केक ठेवला होता. रेवा बाहेर आली ती भुकेलेली, आणि उद्या पुन्हा यायचंय हे ऐकून खूश. घरी आल्यावर अंजली जी झोपली ती चारला उठली. मग संध्याकाळी दोन वाट्यांवर गौरीचे मुखवटे काढून तिनं फुलं वाहिली, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी केली.

आता कामाचं. दादाच्या चिनूची पुढच्या जूनमध्ये पहिली, त्यासाठी हे लिहायचंच होतं. इथे शाळा सुरू व्हायच्या आधी सुट्टीतच पालक मुलाला घेऊन शाळेचा रस्ता पुन्हा पुन्हा चालतात. कुठे थांबायचं, वळणारी गाडी कुठून येते, कुठल्या दुकानात मदत मागायची, हे त्याच वेळी, चालता चालता. पहिलीच्या मुलांना दुरून दिसणारं पिवळं काहीतरी घालायला देतात. मोठ्या चौकात हातात थांबायची पाटी धरून स्वयंसेवक उभे असतात, कुणाचे आईबाप, कुणाचे निवृत्त आजोबा. आमच्या चौकातले आजोबा पाऊस असो की बर्फ, जागेवर असतात, आणि मुलं त्यांना नावानं ओळखतात.

जुळे सोलापुरातून चिनूला विजापूर रोड ओलांडावा लागणार. दादा तिला रिक्षात बसवेल, त्याला दुसरा इलाज नाही, हे मला कळतं. पण एका रिक्षात किती पोरं कोंबतात ते आपण रोज बघतो. अण्णा, तुमचे गुडघे बरे असतील तर एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत, तिला घेऊन तो रस्ता चाला. घाई नाही, रोज थोडा. जाताना तुम्ही तिचा हात धरा, येताना तिला तुम्हाला आणू द्या. जमलं तर शेजारच्या दोन पोरांनाही बरोबर घ्या, मग जूनमध्ये मोठ्या माणसांनी पाळीपाळीनं चालत पोचवायचं असं दादाला ठरवता येईल. आणि आई, "शाळेत बाई मारतील हं" असं तिला कुणी गमतीनंही म्हणू नये, हे तू घरात सगळ्यांना सांग. तुझं सगळे ऐकतात.

चिनूसाठी शंकू आम्ही इथून करून पाठवू. खणाचा रंग तिला विचारून कळव, आणि तिची उंचीही.

गौरींचे फोटो वहिनीनं पाठवले, पण मुखवटे नीट दिसत नाहीत, दिवसा काढलेले असतील तर पाठव. अनंत चतुर्दशीला अण्णांना गर्दीत लेझीम बघायला एकटं सोडू नका. आजोबा गणपतीला रेवाच्या नावानं नारळ फोडा, तिनं तसं सांगितलंय. शेंगाचटणी संपत आली आहे. पुढच्या महिन्यात अंजलीच्या मैत्रिणीचे वडील पुण्याहून येणार आहेत, दादानं त्यांच्याकडे किलोभर दिली तर ते आणतील. पत्ता मी दादाला पाठवतो.

दादा-वहिनींना नमस्कार, चिनूला पापा. उत्तर अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहावं, वहिनी फोटो काढून पाठवेल.

तुमचा,
सुहास